छोट्या ट्रॅक्टरसाठी घरगुती स्नो प्लाऊ: धडक कुठे जाणार ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २४ हॉर्सपॉवरचा फोर-व्हील-ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे, पुढे लोडर नाही. साठेक मीटरचा खडीचा रस्ता आणि दारापुढचं काँक्रीट, एवढ्यावरचा बर्फ सारायचा आहे. २०० लिटरचे दोन लोखंडी पिंप पडून आहेत. ते उभे कापून पातं करायचं आणि ट्रॅक्टरच्या नाकाशी जी आयती भोकं आहेत तिथे ब्रॅकेट लावून बसवायचं, असा बेत आहे. आणि तुम्हाला फक्त एवढंच विचारायचंय की पिंपाचा पत्रा चालेल, की ३ मिमीची प्लेट घ्यावी, की ६ ची.

पत्र्याचं सांगतो, पण नंतर. कारण पत्रा फाटून निकामी झालेला प्लाऊ मी आजवर पाहिलेला नाही. वाकलेल्या पिना पाहिल्यात, उखडलेले ब्रॅकेट पाहिलेत, तडकलेलं कास्टिंग, म्हणजे बिडाचा ओतीव भाग, पाहिलंय. हे शेवटचं माझ्याच ट्रॅक्टरचं.

माझा पहिला प्लाऊ अगदी तुमच्या बेतासारखा होता. नाकाशी चार भोकं, चार जाड बोल्ट, त्यावर चॅनलची चौकट आणि पुढे ताठ बसवलेलं पातं. दोन दिवस झकास चालला. तिसऱ्या दिवशी वीतभर बर्फाखाली गटाराच्या झाकणाची कड दोन बोटं वर आलेली होती, ती दिसली नाही. मी रमतगमत नव्हतो, पण फार वेगातही नव्हतो. हिसका असा बसला की छाती स्टिअरिंगवर आदळली. उतरून पाहिलं तर पात्याला पोचासुद्धा नाही, चारही बोल्ट शाबूत. मात्र एका बोल्टभोवतीचा कास्टिंगचा कान बोल्टसकट निखळून आला होता आणि तिथून तडा पुढे गेला होता. बिडाचं असंच असतं. ते वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं. उरलेला हिवाळा मी फावड्याने काढला.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. बर्फाखाली लपलेल्या वस्तूला पातं आदळेल तेव्हा तो दणका कुठून कुठे जाईल, आणि वाटेत सगळ्यात आधी काय नमेल? हे ठरलं की बाकीची मापं फारशी अवघड नाहीत.

थोडं गणित करू. ट्रॅक्टर, तुम्ही, पातं आणि मागे लावलेलं वजन मिळून १,२०० किलो धरा. बर्फावर चाकांची पकड फार तर वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे ट्रॅक्टर सलग जोर लावून ३०० किलोच्या आसपास ढकलू शकतो. त्यापुढे चाकं नुसती फिरतात. चाकांना चेन लावल्या तर हा आकडा बराच वाढतो, तरी काही टनांत जात नाही. आता तोच ट्रॅक्टर ताशी ८ किलोमीटरने येऊन २ सेंटिमीटरच्या आत थांबला, तर सरासरी जोर जवळपास १५ टनांचा होतो. वेग निम्मा केला तर दणका निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो: चार टनांच्या जरा खाली. म्हणजे बर्फ ढकलायला लागणारी ताकद आणि धडकेची ताकद यांत दहापट ते पन्नासपट तफावत आहे. १५ टनांना पुरेल असा प्लाऊ बांधता येईलही, पण मग तो दणका जसाच्या तसा ट्रॅक्टरला पोचवेल. जाड प्लेट घेऊन तुम्ही नेमकं तेच करणार आहात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडे वर्षातून चार-पाच वेळाच बोटभर बर्फ पडत असेल तर ट्रॅक्टरच्या पुढे काहीही बांधू नका. मागे थ्री-पॉइंटला (अवजारं लावायच्या तीन टोकांच्या जोडणीला) लागणारं साधं लेव्हलिंगचं पातं पुरतं. मान मागे वळवून वळवून दुखते आणि बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या लिफ्टला खाली दाबायची ताकद नसते, पण काम होतं. फक्त ते पातं रिव्हर्समध्ये जोराने ढकलू नका. लोअर लिंक, म्हणजे थ्री-पॉइंटचे खालचे दोन दांडे, ओढायला बनवलेल्या असतात, मागून बसणारा तिरका दणका त्यांना वाकवतो. बर्फ गुडघाभर पडत असेल तर कुठलंही पातं लवकरच हात टेकतं, तिथे बर्फ उडवून फेकणारा ब्लोअरच हवा. आणि लोडर असता तर मी बकेटच्या जागी पातं लावायला सांगितलं असतं, पण बजावून की लोडरचे हात उचलण्यासाठी असतात. पात्याच्या कोपऱ्याला धक्का बसला की ते पिळवटतात. तुमच्याकडे लोडर नाही, रस्ता ठीकठाक लांब आहे, म्हणून पुढचा प्लाऊ हा विचार बरोबर आहे. नाकाशी बांधायचा विचार तेवढा सोडा.

पुशबीम, म्हणजे पात्याला मागून ढकलणारे दांडे, पोटाखालून मागे न्या. ६० x ६० x ५ मिमीचे दोन चौकोनी पाइप पुढच्या आक्सलखालून मागे येतात आणि ट्रॅक्टरच्या मधोमध खाली लटकवलेल्या ब्रॅकेटला आडव्या पिनांनी जोडले जातात. तो ब्रॅकेट ट्रॅक्टरच्या मूळच्या आट्यांच्या भोकांत बसतो, पण धक्का त्या भोकांनी एकट्याने झेलायचा नसतो. ब्रॅकेटपासून दोन टाय रॉड मागच्या आक्सलच्या हाउसिंगपर्यंत न्यायचे. मग धडक आली की ती सरळ मागच्या आक्सलवर जाते, आणि ट्रॅक्टरचं बहुतेक वजन तिथेच असतं. पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नसते, इंजिन आणि गिअरबॉक्सची कवचंच सांगाड्याचं काम करतात. म्हणून त्यांवर वेल्डिंग कधीही नाही, नवीन भोकंही नाहीत.

मागच्या पिनेची उंची हा इथला नाजूक मुद्दा, आणि घरगुती प्लाऊमध्ये नेमका तोच चुकतो. पिना जमिनीपासून जितक्या उंच, तितका पुशबीम पुढे उतरता होतो. मग पात्याला अडथळा झाला की पातं जमिनीत घुसू पाहतं आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जातं. नाक उचललं की स्टिअरिंग गेलं. पिना जमतील तेवढ्या खाली घ्या, २० ते २५ सेंटिमीटरवर, आणि पुशबीम जवळजवळ आडवे राहू द्या. ट्रॅक्टरच्या पोटाखालची मोकळी जागा आड येईल, तिथे तडजोड करावी लागते.

चौकट कायमची वेल्ड करण्याआधी एक तपासणी कराच. पुढचं एक चाक जॅकवर शक्य तितकं वर उचला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग दुसरं चाक. पुढचा आक्सल मधल्या पिनेवर झोके घेतो, आणि त्या झोक्यात टायर किंवा आक्सल पुशबीमला घासत असेल तर ते आत्ताच दिसेल. फोर-व्हील-ड्राइव्हचा पुढे जाणारा शाफ्टही पोटाखालूनच जातो. त्याला चारही बाजूंनी हाताची मूठ जाईल इतकी जागा ठेवा.

आता धडक नमवणारा भाग. पातं चौकटीला ताठ न जोडता तळापासून साधारण १५ सेंटिमीटरवर आडव्या पिनांवर बसवायचं आणि स्प्रिंगने मागच्या टेकूवर घट्ट ओढून धरायचं. खालच्या कडेला काही आडवं आलं की कड मागे जाते, माथा पुढे झुकतो, पातं अडथळ्यावरून चढून जातं आणि स्प्रिंग त्याला परत उभं करते. याला ट्रिप म्हणतात. बर्फाचा ढीग पिनेच्या वरही दाबतो आणि खालीही, त्यामुळे नुसत्या बर्फाने पातं सहजासहजी पडत नाही. कडेला टणक काही लागलं तरच पडतं. धडकेच्या क्षणी १,२०० किलोचा ट्रॅक्टर थांबत नाही, फक्त पात्याचे पन्नास-साठ किलो झटक्यात फिरतात. सगळा फायदा त्यात आहे.

स्प्रिंग किती ताकदीची? खालच्या कडेवर ३०० किलो आले की पातं पडावं असं धरू. ३०० गुणिले १५ सेंटिमीटर म्हणजे ४,५००. स्प्रिंगचा दांडा पिनेपासून १२ सेंटिमीटर वर जोडला तर ४,५०० भागिले १२, म्हणजे दोन स्प्रिंग मिळून ३७५ किलो. प्रत्येकीवर १९० च्या आसपास. एवढा ताण सुरुवातीलाच भरून ठेवायचा.

मी ताणाच्या स्प्रिंग वापरत नाही. जुन्या गाडीच्या सस्पेन्शनच्या दाबाच्या कॉइल स्प्रिंग घेतो आणि त्यांच्यातून दांडा ओवतो. दांड्याचं पुढचं टोक पात्याच्या मागच्या रिबला (आधाराच्या उभ्या पट्टीला) पिनेने जोडलेलं, दांडा चौकटीच्या आडव्या पट्टीतून मागे जातो, पट्टीमागे स्प्रिंग, शेवटी जाड वॉशर आणि डबल नट. माथा पुढे झुकला की दांडा पुढे ओढला जातो आणि स्प्रिंग पट्टीवर दाबली जाते. स्प्रिंग तुटली तरी दांड्यातच अडकून राहते, उडून तोंडावर येत नाही. ताण हवा तेवढा नटाने भरता येतो. पट्टीतलं भोक मात्र गोल नको, उभं लांबट हवं, कारण दांडा वरखाली हलतो. गोल भोकात तो अडकतो आणि नेमका पहिल्या धडकेला वाकतो.

भंगारातल्या स्प्रिंगची ताकद कळणार कशी? ती जमिनीवर उभी करा, वर छोटी फळी ठेवा, भिंतीला धरून फळीवर उभे राहा आणि दुसऱ्याला उंची मोजायला सांगा. तुम्ही ७० किलोचे असाल आणि स्प्रिंग २८ मिमी बसली, तर मिलिमीटरला अडीच किलो. मग १९० किलोसाठी नट ७६ मिमी आवळायचा, आणि त्यानंतरही पातं पूर्ण पडेपर्यंत आणखी ८ सेंटिमीटर दाबायला जागा उरते का ते पाहायचं. उरत नसेल तर लांब स्प्रिंग शोधा. वेटोळी एकमेकांना टेकली की ट्रिप संपला, तुम्ही पुन्हा ताठ पात्यावर आलात.

ट्रिप समोरच्या दणक्यासाठी. कोपऱ्यावरच्या दणक्याचं दुखणं वेगळं. पातं डावी-उजवीकडे तिरकं करता यावं म्हणून मध्ये उभी किंगपिन (जिच्याभोवती पातं वळतं ती पिन) आणि अर्धगोल प्लेट येते. प्लेटवर शून्य, १५ आणि ३० अंशांना भोकं, त्यात कुलपाची पिन. दीड मीटरच्या पात्याचा कोपरा किंगपिनपासून ७५ सेंटिमीटर लांब, कुलपाची पिन २५ वर. म्हणजे कोपऱ्यावर जे येईल त्याच्या तिप्पट त्या पिनेवर. तिथे कडक पिन घातलीत तर प्लेट पिळवटेल. मी मुद्दाम कमी ग्रेडचा, ४.६ चा, ८ मिमी बोल्ट घालतो. एकाच ठिकाणी कातर बसणार असेल तर तो साधारण टनभरावर तुटतो, म्हणजे कोपऱ्यावर तीन-साडेतीनशे किलो आले की. चेन लावून चालवताना तो फारच वारंवार तुटायला लागला तर १० मिमीवर जा. हातात असेल तो कडक ८.८ ग्रेडचा बोल्ट ‘आजच्यापुरता’ घालायचा मोह मात्र टाळा, कारण तो मग आजच्यापुरता राहत नाही. हायड्रॉलिकने कोन बदलणार असाल तर सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना जोडणारा क्रॉसओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह लावा, म्हणजे दाब फार वाढला की तेल पलीकडे सोडणारा. तो या बोल्टचं काम करतो आणि तुटतही नाही.

इथपर्यंतचं एका दमात: पुशबीम खालून मागच्या आक्सलपर्यंत, समोरच्या दणक्याला ट्रिप, कोपऱ्याच्या दणक्याला तुटणारा बोल्ट. आता तुमचा पत्रा.

हे जमलं की पात्याला ३ मिमीची प्लेट पुरते. ६ मिमीने नुसतं वजन वाढतं. पिंपाचा पत्रा जेमतेम १ ते १.२ मिमीचा असतो, पिंपाची उंची ८८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दीड मीटरला दोन तुकडे जोडावे लागतील. दर वीतभर अंतरावर रिब लावल्या तर चालतो, पण मग रिबचंच काम इतकं होतं की प्लेट रोल करून आणणं सोपं. शिवाय त्या पिंपात आधी काय होतं? तेल, रंग, थिनर, इंधन यांपैकी काहीही असेल तर त्याला ग्राइंडर किंवा गॅसकटर लावू नका. आत उरलेली वाफ पिंपाचा बॉम्ब करते, आणि धुतलं, वास येत नाही, म्हणून ती गेली असं समजू नये. ५० ते ६० सेंटिमीटर व्यासाचा जाड पाइप मिळाला तर उभा कापून उत्तम पातं होतं. गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

रुंदी चाकांवरून काढा. तुमच्या ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी १.२ मीटर असेल तर दोन्हीकडे ५ सेंटिमीटर धरून १.३ मीटर साफ व्हायला हवं, तेही पातं ३० अंश तिरकं असताना. तिरकं केल्यावर रुंदी ०.८७ पट उरते, म्हणून दीड मीटर. उंची ५० सेंटिमीटर भरपूर झाली. मागे ६ मिमीच्या पाच रिब, वर आणि खाली अँगल. एकट्या पात्याचं वजन साठ किलोच्या आत राहतं, चौकटीसह सगळं शे-सव्वाशे किलो.

खालची कड वेगळी आणि बोल्टने बसवलेली हवी. १० मिमी जाड, १५० मिमी उंच पट्टी, मध्यावर एका ओळीत भोकं, म्हणजे झिजली की उलटी करता येते. बोल्ट काउंटरसंक, म्हणजे डोकं पट्टीत बुडणारे, घ्या, नाहीतर डोकी घासून जातात आणि मग ते उघडायला अख्खी दुपार जाते. खडीवर मात्र ही कड शत्रू आहे. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही अर्धा रस्ता हिरवळीत ढकलाल. त्याला एक सोपा उपाय आहे: दोन इंची लोखंडी पाइप लांबीने चिरायचा, चीर कडेवर सरकवायची आणि दोन ठिकाणी बोल्टने धरायची. गोल पाइप खडीवरून घसरत जातो, खणत नाही. जमीन घट्ट गोठली किंवा काँक्रीटवर आलात की पाइप काढायचा. स्किड शू (पात्याखाली लावायचे घसरते पाय) हेही चालतात, कड २ सेंटिमीटर वर धरून. पण मोकळ्या खडीत ते रुततात असा माझा अनुभव, म्हणून मी पाइपच्या बाजूचा.

उचलण्यासाठी साखळी वापरा. वर छोटा हायड्रॉलिक सिलिंडर, इलेक्ट्रिक विंच किंवा हाताचा लिव्हर, काहीही असो, पण पात्याला जोडणारी शेवटची कडी साखळीचीच. पातं खाली असताना ती ढिली राहते आणि पातं जमिनीच्या चढउताराबरोबर आपोआप चालतं. सिलिंडर थेट जोडलात तर व्हॉल्व्हला फ्लोट पोझिशन (सिलिंडर मोकळा सोडणारी जागा) हवी, नसेल तर पातं एकतर खणेल नाहीतर तरंगेल.

मागे वजन लावायला विसरू नका. पुढे शंभर-सव्वाशे किलो टांगल्यावर मागची चाकं हलकी होतात आणि ढकलण्याचा बराचसा जोर तिथूनच येतो. थ्री-पॉइंटला लोखंडी पेटी करून काँक्रीट भरा. १०० लिटरच्या पेटीत २४० किलो बसतात. चेन आधी मागच्या चाकांना.

वेल्डिंगबद्दल थोडंच. पिनांच्या बुश आणि ब्रॅकेटना ७०१८ चा रॉड, पूर्ण कोरडा करून. कडाक्याच्या थंडीत साधं पोलादही ठिसूळ व्हायला लागतं आणि चीर नेहमी वेल्डच्या अर्धवट सोडलेल्या टोकाशी सुरू होते, म्हणून टोकं कोपऱ्याला वळसा घालून संपवा. चौकट शक्यतो ट्रॅक्टरवरून काढून वेल्ड करा. जागेवर टाके मारावेच लागले तर बॅटरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. पुढून पात्याला गुळगुळीत रंग द्या, कारण गंजक्या पात्याला ओला बर्फ चिकटून बसतो.

बर्फ पडायच्या आधीच चाचणी घ्या. जमिनीत घट्ट रोवलेला दहा सेंटिमीटरचा लाकडी ओंडका, सगळ्यात खालचा गिअर, अगदी रांगत. पातं पडलं पाहिजे, ओंडक्यावरून गेलं पाहिजे आणि खाडकन परत उभं राहिलं पाहिजे. त्या वेळी कोणालाही पात्याजवळ उभं करू नका, परत येणारं पातं बोटं छाटू शकतं. न पडताच चाकं फिरली तर दोन्ही नट सारखेच सैल करत जा, एका वेळी पाच-पाच मिलिमीटर. नुसत्या मातीच्या ढिगाला पडत असेल तर आवळा. त्यानंतर तासभर चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, विशेषतः टाय रॉडचे. आणि सीटखालच्या डब्यात ८ मिमीचे सहा बोल्ट, दोन पाने आणि तुटलेला तुकडा बाहेर ठोकायला एक पंच टाकून ठेवा. तो तुटतो तेव्हा नेहमी अंधार पडलेला असतो.